एक घटसर्प, दोन भावंडे

बाह्यरुग्ण विभागात पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या आईने कडेवर घेऊन आणले, तेव्हा "घसा दुखतोय, दोन दिवस काही गिळत नाही," एवढीच तिची तक्रार होती. ताप बेताचाच होता, मान मात्र दोन्ही बाजूंनी सुजून जबड्याच्या रेषेत मिसळून गेली होती. जीभ दाबून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर उजव्या टॉन्सिलपासून पडजिभेपर्यंत राखाडी रंगाचा, ओल्या चामड्यासारखा पडदा पसरलेला होता. नमुना घेताना बोळ्याने त्याची कड किंचित हलली आणि खालून लगेच रक्त आले. हा घटसर्प होता.

नमुन्याच्या अहवालाला दोन दिवस लागणार होते आणि तेवढे थांबणे शक्य नव्हते. या रोगाचे जिवाणू बहुधा घशातच मुक्काम करतात. घात करते ते त्यांचे विष, जे रक्तावाटे हृदयाच्या स्नायूपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचून पेशींमधील प्रथिने तयार होण्याचे कामच बंद पाडते. पेनिसिलिन जिवाणूंना मारते, म्हणजे नवे विष तयार होणे थांबते. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषाला निकामी करायला प्रतिविषच लागते, आणि पेशीत शिरून बसलेल्या विषावर तेही चालत नाही. आमच्या औषध भांडारात त्या दिवशी प्रतिविष नव्हते. पेनिसिलिन सुरू करून ते दुसरीकडून येईपर्यंत पाच तास गेले, आणि त्या पाच तासांचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेले हे औषध असल्याने त्याची ॲलर्जी नाही ना, हे पाहायला आधी अगदी अल्प मात्रेने चाचणी घेतली आणि मग शिरेतून सावकाश दिले. बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये या उपचाराचा पाया घातला, बेरिंग यांना १९०१ चे वैद्यकशास्त्रातील पहिले नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले. आणि इतक्या वर्षांनंतरही त्या खाटेपाशी आमच्या हाती त्याच जातीचे औषध होते.

घरातल्या सर्वांच्या घशातील नमुने घेऊन त्यांनाही प्रतिजैविक सुरू केले. अहवाल आले तेव्हा मुलाच्या आठ वर्षांच्या बहिणीच्या घशातही तेच विषारी जिवाणू निघाले. ती भावाच्याच अंथरुणात झोपत असे आणि तिला साधा खोकलाही नव्हता. तिच्या लसीकरण कार्डावर सर्व मात्रांच्या नोंदी होत्या. भावाच्या कार्डावर घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लसीची एकच, कारण त्या मात्रेनंतर त्याला ताप आला आणि आईने घाबरून पुढच्या मात्रा टाळल्या होत्या. त्रिगुणी लसीतील घटसर्पाचा घटक म्हणजे फॉर्मॅलिनने मारक शक्ती काढून घेतलेले तेच विष. ही लस जिवाणूंना घशात शिरण्यापासून हमखास अडवत नाही, परंतु विषाला ओळखणारी प्रतिपिंडे शरीरात आधीच तयार ठेवते. भावाला जे पाच तास उशिरा शिरेतून द्यावे लागले, ते बहिणीच्या रक्तात आधीपासून होते.

आठव्या दिवशी मुलाच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले. चार रात्री आम्ही त्याच्या खाटेशेजारचा मॉनिटर बंद केला नाही. नंतर ठोके सुधारले, पण टाळूचे स्नायू लुळे पडल्यामुळे प्यायलेले पाणी नाकावाटे परत येई, ते पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले.

घरी जाण्याच्या दिवशी मी त्याला लस द्यायला सांगितली, तेव्हा आईला नवल वाटले. हा रोग होऊन गेला तरी पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असे नाही, हे मी तिला समजावले. तिने कार्ड पुढे केले आणि हळूच विचारले, "डॉक्टर, पुन्हा ताप येईल का हो?"

"येईल कदाचित, ताई. एक-दोन दिवस," मी म्हणालो आणि तापाच्या औषधाचे प्रमाण कार्डाच्या मागे लिहून दिले. तिने मुलाची बाही स्वतःच वर सरकवली.