कर्कपेशीच्या डीएनएला तिच्याच एन्झाइमांकडून होणारी इजा

तंबाखूमुळे डीएनएला इजा होते, हे आता वेगळे सांगावे लागत नाही. गुजरातच्या चरोतर भागातील तंबाखूची शेते वडोदऱ्यापासून जवळच असल्यामुळे आमच्याकडे तर हा विषय घरोघरी निघतो. मात्र कर्कपेशीच्या डीएनएचे जे ऑक्सिडीकरण होते, त्यातील बरेचसे बाहेरून येत नाही, तर त्या पेशीतील एन्झाइमेच ते घडवून आणतात, याची चर्चा फारशी होत नाही. मानवी कर्कपेशींचे अनेक प्रकार कोणतीही बाह्य चिथावणी नसताना हायड्रोजन पेरॉक्साइड सतत बाहेर टाकत राहतात, असे शात्रोव्स्की आणि नाथन या संशोधकांनी १९९१ मध्येच दाखवून दिले होते.

हे पेरॉक्साइड स्वतः डीएनएला विशेष काही करत नाही. परंतु ते केंद्रकापर्यंत पोहोचू शकते, आणि तेथे डीएनएलगतच्या लोहाशी त्याची गाठ पडली की फेंटन अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलक हा अतिक्रियाशील कण निर्माण होतो. हा मूलक इतका अल्पायुषी असतो की जन्मस्थानापासून काही नॅनोमीटरच्या आतच तो मिळेल त्या रेणूवर तुटून पडतो. डीएनएच्या चार बेसांपैकी ग्वानिनचे ऑक्सिडीकरण सर्वांत सहज होते. त्यापासून बनणारे ८-ऑक्सोग्वानिन पेशीविभाजनाच्या वेळी सायटोसिनऐवजी अॅडेनिनशी जोडी जमवते, आणि ओजीजी१ हे दुरुस्तीचे एन्झाइम वेळेवर पोहोचले नाही, तर ती चूक पुढच्या पिढीतील पेशींत कायमची राहते.

पेरॉक्साइड निर्माण करणारी एन्झाइमे अनेक आहेत. नॉक्स कुळातील ऑक्सिडेजांचे तर तेच मुख्य काम आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग झालेल्या जठराच्या पेशींत स्पर्मिन ऑक्सिडेज वाढते आणि पेशीतील स्पर्मिन या रेणूचे विघटन होताना पेरॉक्साइड बाहेर पडते. एलएसडी१ हे एन्झाइम मला विशेष लक्षणीय वाटते, कारण ते हिस्टोनवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) मिथाइल गट काढताना डीएनएच्या अगदी शेजारीच पेरॉक्साइड सोडते.

माझे सर्वाधिक लक्ष मात्र एनक्यूओ१ या एन्झाइमाकडे असते. निरोगी पेशीत ते संरक्षकाचे काम करते: क्विनोन वर्गातील रेणूंना एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन देऊन ते त्यांना निरुपद्रवी करते. फुप्फुस, स्वादुपिंड आणि स्तन यांच्या अनेक गाठींत त्याचे प्रमाण बरेच वाढलेले आढळते, आणि पेरॉक्साइडचा निचरा करणारे कॅटलेज त्याच गाठींत बहुधा कमी असते. अशा पेशीत बीटा-लॅपॅकोन हा क्विनोन वर्गातील रेणू गेला की एनक्यूओ१ त्याला इलेक्ट्रॉन देते. पण तयार झालेला हायड्रोक्विनोन अस्थिर असल्यामुळे ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन लगेच काढून घेतो, सुपरऑक्साइड आणि त्यापासून पेरॉक्साइड बनते, आणि मूळ रेणू पुन्हा त्याच एन्झाइमापुढे हजर होतो. बीटा-लॅपॅकोनच्या एकेका रेणूपायी काही मिनिटांत एनएडीपीएचचे, म्हणजे एन्झाइमाला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूचे, सुमारे ६० रेणू खर्ची पडतात. डीएनएचे इतके तुकडे होतात की ते सांधण्यासाठी धावलेले पार्प१ हे एन्झाइम पेशीला ऊर्जानिर्मितीसाठी लागणाऱ्या एनएडी या रेणूचा साठाच संपवते आणि पेशी मरते. बीटा-लॅपॅकोन ज्या लॅपॅकॉलपासून बनवता येतो, ते लॅपॅकॉल आपल्या सागाच्या लाकडातही असते.

ही इजा कॉमेट चाचणीत डोळ्यांनी पाहता येते. पेशी अॅगरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात बसवून फोडायच्या, अल्कधर्मी द्रावणात विद्युतप्रवाह सोडायचा आणि रंगद्रव्य घालून स्लाइड प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची; अखंड डीएनए गोल ठिपक्यासारखा दिसतो, तर तुटलेला डीएनए शेपटीसारखा मागे पसरतो. एफपीजी एन्झाइम मिसळले तर ते ऑक्सिडीकरण झालेल्या ग्वानिनपाशी धागा कापते आणि शेपूट आणखी वाढते. बीटा-लॅपॅकोन दिलेल्या पेशींना आधी डायक्युमॅरॉल देऊन एनक्यूओ१ रोखले, तर मात्र शेपूट जवळजवळ दिसत नाही. इजेचा उगम कोठे आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण मला दिसत नाही.

दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका वहिनींनी, केमोथेरपी चालू असलेल्या दिरांना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात का, असे मला विचारले होते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, असेच मी त्यांना कळकळीने सांगितले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला, हे १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. शिवाय काही उपचार पेशीतील ऑक्सिडीकरण वाढवूनच काम करतात. तेथे अशी गोळी रुग्णाऐवजी गाठीच्याच उपयोगी पडू शकते.

बीटा-लॅपॅकोनचा मार्गही सोपा नाही. त्यापासून बनवलेल्या औषधाच्या रुग्णांवरील चाचण्यांत रक्तक्षय ही मोठी अडचण ठरली. त्यातच काही व्यक्तींत एनक्यूओ१च्या १८७व्या जागी प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन असते. जनुकाच्या दोन्ही प्रतींत हा बदल असल्यास एन्झाइम टिकतच नाही आणि औषधाला काम करायला जागाच उरत नाही. म्हणून असे औषध देण्यापूर्वी त्या रुग्णाच्या गाठीत एनक्यूओ१ किती आहे, हे तपासणे अपरिहार्य आहे.