बेळगावहून वंडरला: सासूबाई, दोन मुलं आणि रिसॉर्टमधल्या दोन रात्री

खोली बुक करायच्या आधी घरी भिंतीला उभं करून मुलांची उंची मोजा. वंडरला म्हणजे बेंगळूरजवळचं राइड्सचं मनोरंजन पार्क, आणि तिथं मुलांच्या वयाला महत्त्व नाही, सगळं उंचीवर ठरतं. ८५ सेंटिमीटरच्या आतल्या बाळाला तिकीट लागत नाही, तिथून १४० पर्यंत लहान मुलाचं तिकीट, आणि पोटात गोळा आणणाऱ्या बहुतेक मोठ्या राइड्सना १४० पूर्ण झाल्याशिवाय सोडत नाहीत. आमचा थोरला अकरा वर्षांचा. सहा महिने तो ‘रिकॉइल’चे व्हिडिओ बघत होता. रिकॉइल म्हणजे उलटीपालटी होऊन पुढे जाणारी आणि मग त्याच वाटेनं पाठीमागे परतणारी गाडी. एवढा उंच दिसतो, बसेल की, असं धरून आम्ही निघालो. मोजलं मात्र नाही.

आम्ही पाचजण: मी, आमचे हे, सासूबाई, थोरला आणि पाच वर्षांची धाकटी. हॉटेलात राहून पार्क बघायची आमची ही पहिलीच वेळ. याआधी बेंगळूरला गेलो की नातेवाइकांकडे उतरायचं, हे ठरलेलं. पण वंडरला शहरात नाही. मैसूर रस्त्यावर बिडदीजवळ, शहरापासून सुमारे २८ किलोमीटरवर आहे. सकाळी सासूबाईंना घेऊन तिथं जायचं आणि भिजलेल्या, पेंगुळलेल्या मुलांना घेऊन संध्याकाळच्या गर्दीत परतायचं, हे मला नको होतं. पार्क २००५ मध्ये सुरू झालं, त्याला लागूनच असलेलं रिसॉर्ट २०१२ मध्ये. खोल्या ८४ आहेत, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांसाठी फार आधीच ठरवावं लागतं. दसऱ्यात जाऊ नका. मैसूरच्या दसऱ्याला जाणारा सगळा लोंढा त्याच रस्त्यानं जातो. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बस उभ्या असतात. आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या वारी गेलो. मुलांची शाळा तीन दिवस बुडाली, पण रांगा लहान मिळाल्या.

बुकिंगमध्ये आमची फसगत झाली, ती सांगते. आम्हाला खोली घेऊन देणाऱ्या एजंटानं फोनवर ठासून सांगितलं होतं की पार्कचं तिकीट त्यातच धरलंय. हातात कागद आला तेव्हा त्यात खोली आणि सकाळचा नाष्टा, एवढंच होतं. पाचजणांची तिकिटं वेगळी काढावी लागली, आणि सगळा हिशेब बिघडला. म्हणून थेट रिसॉर्टलाच फोन करा आणि चार गोष्टी लेखी मागून घ्या: पार्कचं तिकीट धरलंय का, किती दिवसांचं, जादा गादीचे किती, आणि म्हाताऱ्या माणसासाठी जिना न चढता जाता येईल अशी खोली मिळेल का. कन्नडमध्ये बोलता येत असेल तर कन्नडमध्येच बोला, काम पटकन होतं.

रेल्वेगाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जाताना आम्ही रात्री नऊच्या सुमाराची बेळगाव-बेंगळूर धरली. दशम्या, शेंगाचटणी, बटाट्याची सुकी भाजी असा डबा होता, सासूबाईंना खालचा बर्थ मिळाला, झोपही बरी झाली. सकाळी सातला बेंगळूर. तिथं धाकटीनं फलकावरचं स्टेशनाचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं: क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा. माझं माहेर नंदगड. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिलं ते आमच्या गावात. मुलांना हे ठाऊक होतं, पण मामाच्या गावची गोष्ट राजधानीच्या स्टेशनावर एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून थोरला तिथंच थांबला आणि त्यानं फोटो काढायला लावला.

रात्रीच्या गाडीची अडचण पुढे कळली. सातला उतरलो, टॅक्सीनं बिडदीला पोचलो, आणि खोली दुपारी मिळणार होती. सामान रिसेप्शनवर ठेवता आलं, पण सासूबाईंना पाठ टेकायला जागा नव्हती. त्यापेक्षा बेळगावहून पहाटे सुटणारी वंदे भारत बरी. ती दुपारी बेंगळूरला पोचते, तिथून निघेपर्यंत खोली तयार असते. ही गाडी ऑगस्ट २०२५ पासून आठवड्यातले सहा दिवस धावते, बुधवारी नसते. मेट्रो आता मैसूर रस्त्यावर चल्लघट्टापर्यंत जाते, सामान थोडं असेल तर तिथपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा असंही जमतं.

वाट बघण्याच्या त्या वेळात आम्ही बिडदीत जाऊन तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी चपटी, मऊसूत इडली, वर लोण्याचा गोळा. सासूबाईंनी दोन खाल्ल्या आणि परतीच्या दिवशी पुन्हा इथंच यायचं असं बजावलं. ही इडली चुकवू नका.

पहिल्या दिवशी पार्कला गेलो नाही, आणि हे आमचं सगळ्यात चांगलं झालं. दुपारी सगळे झोपलो, संध्याकाळी मुलं रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात. दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या वेळी आम्ही ताजेतवाने दारात. पाण्याच्या राइड्स दुपारच्या सुमारास सुरू होतात, म्हणून सकाळी कोरड्या राइड्स उरकून घ्या. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. ते बेळगावच्या खडेबाजारातूनच घेऊन जा. घरचा डबा आत नेता येत नाही.

थोरला सरळ रिकॉइलकडे धावला. राइडवर कामाला असलेल्या मुलानं त्याला पट्टीखाली उभं केलं. थोरल्यानं पाठ ताठ केली, मान वर ओढली, टाचाही किंचित उचलल्या. त्या मुलानं हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या. १३८. ‘‘एरडु सेंटिमीटर अष्टे,’’ थोरला म्हणाला. फक्त दोनच सेंटिमीटर. शाळेतलं कन्नड त्यानं इतक्या कळवळून कधी वापरलं नसेल. तो मुलगा हसला, ‘‘मुंदिन वर्ष बा,’’ म्हणाला, पुढच्या वर्षी ये, पण सोडलं नाही. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, आणि त्या मुलाबद्दल आदरही वाटला. खांद्यावरचा दांडा ज्या मापानं बनवलाय त्यात दोन सेंटिमीटरची सूट कशी देणार? ही रड घरीच मोजून वाचवता आली असती. त्याला आधीच ठाऊक असतं तर तो दुसऱ्याच राइडची स्वप्नं बघत आला असता.

दीड वाजता धाकटी किरकिरायला लागली आणि रिसॉर्टचे पैसे वसूल झाले. बाहेर जाऊन परत आत येता येईल का, हे सकाळी गेटवर विचारून ठेवलं होतं. तुम्हीही आधी विचारा. सासूबाई आणि धाकटी खोलीवर जाऊन दोन तास झोपल्या. चारला परत आल्या तेव्हा धाकटी लाटांच्या तलावात अशी उतरली की बाहेर यायचं नाव नाही. सासूबाई साडीत, त्यामुळे काठावर सावलीत. पायऱ्या चढउतार करून त्यांचे गुडघे धरले नाहीत, ते त्या दोन तासांमुळे. घरात म्हातारं माणूस किंवा सहाच्या आतलं मूल असेल तरच इथं राहा, आणि राहायचं तर दोन रात्री. सगळी तरणी मंडळी असाल तर शहरात उतरून एका दिवसात पार्क होतं, खोलीचा खर्च नको.

परतीला गुरुवारी दुपारची वंदे भारत धरली. सकाळी घाई नाही, तट्टे इडलीही झाली. फक्त ही गाडी बेळगावला रात्री साडेदहानंतर पोचते. त्या वेळी वडगावकडे बस नसते, पेंगुळलेली मुलं आणि ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन रिक्षा शोधणं जड जातं. कुणाला तरी आधी सांगून ठेवा. आमचे दीर गाडी घेऊन स्टेशनवर थांबले होते.