जुन्या गणिताच्या पुस्तकांसाठी सोलापूरची खेप

गणिताची जुनी पुस्तकं म्हटलं की सगळे पुण्याला पळतात, अप्पा बळवंत चौक पालथा घालतात, सोलापूर कुणाच्या डोक्यातच येत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह हिंदी अनुवादासकट छापला गेला तो सोलापुरातच, 1963 साली, जीवराज जैन ग्रंथमालेत. महावीराचार्य म्हणजे नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसतं हे तेव्हा लिहून ठेवणारे! त्याआधीची रंगाचार्यांची इंग्रजी भाषांतराची आवृत्ती मद्रासची, 1912 ची, ती मूळ छापील प्रत मिळायला नशीबच लागतं. सोलापूरची मात्र शोधली तर सापडू शकते.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी, रात्री झोपायचं आणि सकाळी सोलापुरात उतरायचं. पुण्याहून हुतात्मा आहे पण ती संध्याकाळी निघते म्हणजे मुक्काम आलाच. मार्चनंतर शक्यतो नकोच, ऊन झेपत नाही, आणि संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा असते तेव्हा लॉजवर खोली मिळायची मारामार.

आधी फलटण गल्ली. जैन संस्कृति संरक्षक संघ तिथला, ही ग्रंथमाला त्यांचीच. सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींनी 1941 मध्ये संघाची कल्पना मांडली आणि तीस हजार रुपये दिले, त्या काळातले तीस हजार, तेही असल्या ग्रंथांसाठी, हे वाचलं की मला भरून येतं. जाण्याआधी चौकशी करून जा, विक्रीला काय आहे काय नाही ते विचारून घ्या, आणि गणिताची पुस्तकं आहेत का असं विचारू नका, सरळ ग्रंथाचं नाव सांगा.

हे नाव सांगायचं प्रकरण महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. ग्रंथमालेचं पहिलंच पुष्प तिलोयपण्णत्ती, यतिवृषभांचा प्राकृत ग्रंथ, पहिला भाग 1943 चा आणि दुसरा 1951 चा. विषय जैन विश्वरचनेचा, पण आत क्षेत्रफळं, घनफळं, प्रचंड मोठ्या संख्या, आणि परीघ काढायला व्यास गुणिले दहाचं वर्गमूळ. आता या ग्रंथातल्या गणितावर लक्ष्मीचंद्र जैनांचा मोठा लेख आहे, तो कुठे छापलाय तर 1958 च्या जंबूदीवपण्णत्तिसंगहो या दुसऱ्याच ग्रंथाच्या सुरुवातीला! दुकानदाराला हे कळणार कसं? तो बिचारा धर्माच्या कपाटात ठेवून देतो. म्हणून गणिताचं कपाट नंतर बघा, आधी पोथ्या-पंचांगांचा ढीग उपसा.

मला तो 1958 चा ग्रंथ असाच मिळाला, एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात, व्रतकथांच्या गठ्ठ्याखाली. पुठ्ठा सुटलेला, कडेला कसर लागून बारीक वाटा पडलेल्या, पण शिवण घट्ट आणि आतली पानं शाबूत, पान उलटलं तर सगळी आकडेमोडच. मी विचारलं, "काका, केवढ्याला?" तर म्हणाले, "धर्माचं हाय बघा ते, रद्दीच्या भावात न्हाई द्यायचं." मी घासाघीस केली नाही. तुम्हीही असल्या पुस्तकाला करू नका, पुस्तक जपून ठेवलंय त्यांनी.

विकत घेताना साल नीट बघा. जैन प्रकाशनांवर वीर निर्वाण संवत असतो, त्यातून 527 वजा केले की साधारण इसवी सन येतं, विक्रम संवतातून 57 वजा, आणि शक असेल तर 78 मिळवा, एखाद वर्ष इकडेतिकडे होतं. वाचनालयाचा शिक्का असेल आणि पुस्तक बाद केल्याची खूण नसेल तर ते घेऊच नका, परत कुठे द्यायचं ते विचारा. एखाद्या घरी हस्तलिखित दाखवलं तर जपून, 75 वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं, परदेशातल्या मित्राला पाठवतो वगैरे चालत नाही.

जुन्या अंकलिप्या, म्हणजे मुलांची पाढ्यांची पुस्तकं, दिसल्या तर सोडू नका. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीड आणि साडेतीनचे पाढे, सगळं असतं, आणि पानं फाटली की लोक फेकून देतात म्हणूनच त्या दुर्मिळ होत चालल्यात. फाटलेल्या पानाला सेलोटेप मात्र लावायचा नाही, डिंक पिवळा पडून अक्षरं जातात.

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, पण पुस्तकं हातात घ्यायच्या आधी हात साबणाने धुवा, चटणीचं तेल कागदावरून निघत नाही.

तिलोयपण्णत्तीचा दुसरा भाग माझ्याकडे आहे, 1943 चा पहिला भाग अजून हवाय. कुणाला सोलापुरात किंवा बार्शी-पंढरपूरकडे दिसला तर कळवा, मी स्वतः येऊन घेईन.