दाराजवळचा घोडा

निवडणुकीत एकच अर्ज उरला, मेसमध्ये एकच भाजी उरली, की कुणीतरी हमखास ‘हॉब्सन्स चॉइस’ म्हणतं. घ्यायचं तर हेच घ्या, नाहीतर चालू लागा. ऐकणाऱ्याला वाटावं, हा हॉब्सन गिऱ्हाइकांना नाडणारा कुणी आडमुठा होता.

थॉमस हॉब्सन केंब्रिजचा. केंब्रिज ते लंडन माल आणि टपाल नेण्याचा त्याचा धंदा. जोडीला घोडे भाड्याने द्यायचा. रिचर्ड स्टील या इंग्रज लेखकाने १७१२ मध्ये ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात त्याच्या पागेचं वर्णन केलंय. चाळीस घोडे, शिवाय बूट, लगाम, चाबूक सगळं तयार. गिऱ्हाइकाने चाळीसही घोडे डोळे भरून बघावेत. मिळायचा मात्र दाराशी उभा असलेला.

गिऱ्हाइकं म्हणजे बरेचसे विद्यार्थी. त्यांना निवडू दिलं, की सगळ्यांची नजर त्याच चार तेज घोड्यांवर. लंडनहून साठेक मैल तुडवून घोडा परत येतो न येतो, तोच पाठीवर पुढच्याचं खोगीर. आधी पाठ सोलवटते, मग तो लंगडायला लागतो, आणि पागेतला सगळ्यात चांगला घोडाच सगळ्यात आधी निकामी होतो. बाकीचे चारा खाऊन सुस्तावतात. रांग लावली, की आलेला घोडा शेवटी जातो आणि सरकत सरकत दाराशी येईपर्यंत त्याला पुरेशी विश्रांती मिळते. म्हणजे ज्याच्या नावाने गिऱ्हाईक नाक मुरडायचं, तोच सगळ्यात ताजातवाना! स्टेशनबाहेरच्या स्टँडवर पहिलीच रिक्षा घ्यावी लागते, तसंच हे. फक्त तिथली रांग चालकांसाठी, इथली जनावरांसाठी. वजनदार स्वाराच्या वाट्याला किरकोळ घोडा आला तर दोघांचेही हाल, एवढी खोट या रांगेत आहेच.

हल्ली दोन वाईट पर्यायांत अडकलेली मंडळीही हॉब्सनचंच नाव घेतात. ते चूक. इकडे आड तिकडे विहीर म्हणायला निदान दोन बाजू लागतात. हॉब्सनकडे घोडा एकच.

पुढे प्लेगमुळे त्याच्या लंडनच्या फेऱ्या बंद झाल्या आणि जानेवारी १६३१ मध्ये, पंच्याऐंशी ओलांडलेला हॉब्सन वारला. तेव्हा केंब्रिजला शिकणाऱ्या कवी मिल्टनने त्याच्यावर दोन गमतीदार कविता केल्या. म्हाताऱ्याला आराम बाधला, म्हणे.