तेराशे किलोची पट्टी लिंबाखाली पोचली

काल सकाळी नऊच्या सुमाराला दगडाची पट्टी लिंबाखाली आली, गोट्यावर तोलून अर्धी-अर्धी फिरवत. विहिरीपासून चाळीस फूट. एकशे तेवीस अर्धे फेरे लागले. हिशेबाप्रमाणे एकशे वीस लागायला हवे होते. तीन जास्तीचे का गेले ते पुढे येईलच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमच्या जिंतूर तालुक्यातल्या शेतात आजोबांच्या काळातली मोटेची विहीर आहे. विहिरीच्या तोंडावर काळ्या दगडाची एक सलग पट्टी होती: सात फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट जाड. विहीर नव्यानं बांधली तेव्हा ती बाजूला पडली. घनफूट भरतात पावणेसोळा. आपला काळा दगड घनफुटाला ८०-८५ किलो भरतो, म्हणजे वजन साधारण १३०० किलो. ती लिंबाखाली नेऊन थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं त्या हौदाच्या, दोन दगडांवर आडवी ठेवायची, बसायला कट्टा करायचा. एकट्यानं, यंत्राशिवाय, आणि मृगाच्या आत.

पद्धत माझी नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमधले निवृत्त सुतार वॉली वॉलिंग्टन काँक्रीटचे प्रचंड ठोकळे छोट्या गोट्यावर तोलून एकट्यानं फिरवतात, ती ही युक्ती. सपाट पडलेली पट्टी ओढायची म्हटलं तर जमिनीचं घर्षणच सातशे-आठशे किलोंचं. तीच पट्टी मध्याखालच्या एका गोट्यावर तोलली की घर्षण उरतं फक्त त्या गोट्याच्या डोक्याएवढ्या जागेवर. टोकाला स्प्रिंगकाटा लावून ओढून बघितलं. काटा सहा किलोवर गेला आणि तेराशे किलोचा दगड जात्यासारखा फिरायला लागला. तो क्षण मी विसरणार नाही.

पण हे एप्रिलात जमलं. जानेवारी ते मार्च माझे जमिनीत गेले, आणि या वेळी मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे. या विषयावर जे काही बघायला मिळतं त्यात दगडाबद्दल, पहारीबद्दल, दोराबद्दल भरपूर असतं. जमिनीबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडे काळी माती आहे आणि तिच्यावर यातलं काहीच सरळ चालत नाही.

पहिला प्रयत्न जानेवारीत. वापसा होता, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल होती. पट्टीचं टोक पहारीनं उचललं, गोटा सरकवला, टोक सोडलं. गोटा कणकेत बोट जावं तसा आत गेला. दुसऱ्या वेळी गोट्याखाली शहाबादी फरशी घातली. फरशीखाली एका बाजूला भेग होती, वरून दिसत नव्हती. फरशीचे दोन तुकडे झाले आणि पट्टी एका अंगावर कलंडली. त्यानंतर लाकडी ओंडक्यांवरून लोटून पाहिली. ओंडके फिरायच्या ऐवजी मातीत रुतून बसले.

तेव्हा जुन्या गोष्टींकडे नव्यानं बघितलं. इजिप्तमध्ये घसरगाडीपुढे वाळू भिजवत असत. अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की नेमका ओलावा असला तर ओढायला निम्माच जोर लागतो. आपल्या काळ्या मातीवर तेच पाणी ओतलं तर चिखल होईल. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या पुतळ्यासाठी १७६९-७० च्या हिवाळ्यात सुमारे साडेबाराशे टनांची शिळा धातूच्या गोळ्यांवरून नेली, आणि त्यासाठी जमीन गोठायची वाट बघितली. दोन्हीकडे आधी जमिनीचा विचार झाला होता. मी मात्र उलट्या टोकानं सुरुवात केली होती.

मार्चमध्ये मग विहिरीपासून लिंबापर्यंत चर काढली. एक फूट रुंद, नऊ इंच खोल. अर्धा ब्रास मुरूम तीन थरांत भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसनं ठोकला. वर बारीक खडी आणि त्यावर फरशीच्या पट्ट्या. एवढीशी एक फुटी वाट पुरते, कारण पट्टीची दोन्ही टोकं हवेत असतात आणि सगळा भार मधल्या गोट्यावर. या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. सात फुटांच्या दगडाला फूटभर रस्ता लागतो. आजूबाजूची जमीन फक्त मोकळी हवी.

गोट्याचीही एक गोष्ट आहे. नदीतून आणलेले आठ गोटे मी ओळीनं मांडून ठेवले होते. गावातले वडार समाजाचे एक आजोबा, ज्यांची हयात दगड फोडण्यात गेली, ते बांधावरून जाताना थांबले. "एकटाच काय करायलास, लेकरा?" सांगितलं. त्यांनी सुतकी, म्हणजे दगडाची हातोडी, मागितली आणि एकेका गोट्यावर टकटक केलं. पाच बाजूला फेकले. "हे बद्द वाजायलेत. भाराखाली फुटतील." उरलेले तीन खणखणीत वाजत होते. त्या तिघांपैकी दोघांनी चाळीस फूट काढले. माथा मात्र अगदी गोल नको, किंचित चपटा हवा, नाहीतर पट्टी कुशीवर झुकते.

आता चाल कशी ते. आधी पट्टीचा खरा मध्य शोधायचा. टेपनं मोजून निघतो तो मध्य खोटा. माझी पट्टी एका टोकाला जराशी जाड आहे, तोलाचा मध्य तीन इंच तिकडे निघाला. त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन इंचांवर खडूनं रेघा. एका रेघेखाली गोटा. त्या बाजूच्या टोकावर वाळूच्या गोण्या ठेवल्या की पट्टी त्या एकाच गोट्यावर तोलते. मग अर्धा फेरा फिरवायचा. पट्टीचा मध्य गोट्याच्या पलीकडे जातो, म्हणजे दगड चार इंच पुढे आला. आता दुसऱ्या रेघेखाली दुसरा गोटा, गोण्या त्या टोकावर, पहिला गोटा मोकळा. पुन्हा अर्धा फेरा.

गोण्यांचं वजन ८० किलो लागलं. वीस-वीस किलोच्या चार केल्या. खरं सांगायचं तर या कामातली मेहनत दगडाची नाही, गोण्यांची आहे. फिरवणं एका हातानं होतं; गोण्या इकडून तिकडे नेताना पाठ बोलते. एका सकाळी वीसेक फेरे, तेही उन्हाच्या आधी. सहा सकाळी लागल्या.

जास्तीचे तीन फेरे दिशेत गेले. प्रत्येक फेरा बरोबर अर्धा होत नाही, थोडा कमी-जास्त होतो, आणि दहा-बारा फेऱ्यांनंतर दगड वाटेच्या कडेला येतो. अठ्ठावीस फुटांवर गोटा फरशीच्या अगदी काठावर आला. फेरा मुद्दाम थोडा आधी थांबवला की पुढचं पाऊल तिरकं पडतं; तसं करून परत मधोमध आणली. त्यानंतर दर पाच फेऱ्यांनी दोरी धरून बघत गेलो.

एक नियम मी एकदाही मोडला नाही, तुम्हीही मोडू नका. दगडाखाली हात घालायचा नाही. गोटा काठीनंच सरकवायचा, आणि दोन्ही कुशींखाली बोटभर जागा सोडून लाकडी ठोकळे ठेवायचे, म्हणजे कलंडली तरी एक बोटच खाली जाईल.

भेटणारा प्रत्येक जण मला वेरूळच्या कैलासाचा दाखला देतो. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठव्या शतकातलं ते काम पाहून मीही दर वेळी थक्क होतो. पण तिथे दगड चढवलाच नाही. डोंगर वरून खाली कोरत आणला, शिखर आधी आणि जोतं शेवटी. वर चढवलेले दगड बघायचे असतील तर आमच्या भागातल्या औंढ्याच्या किंवा चारठाण्याच्या जुन्या देवळांत जा. चुन्याशिवाय एकावर एक बसवलेल्या त्या दगडी तुळया कोणीतरी खरोखर उचलल्या आहेत. मागच्या महिन्यात चारठाण्याला एका तुळईखाली उभा राहून मी लांबी-रुंदीचा अंदाज घेत होतो आणि माझी पट्टी एकदम लहान वाटायला लागली.

उचलण्याचं काम आज सुरू केलं. आधी झोक्याची युक्ती केली: मध्याजवळ दोन टेकू, एका टोकावर भार टाकायचा, दुसऱ्या टेकूवरची फट भरायची, मग उलट. माझ्याकडे ती हळू चालते. टेकूंमध्ये चारच इंच अंतर असल्यामुळे टोक जमिनीला टेकतं तेव्हा मधली फट जेमतेम पाव इंच असते. आणखी पंधरा इंच चढवायला दोन्हीकडे साठ-साठ चिपा लागतील. शिवाय चळत अरुंद राहते, ते मला पटलं नाही.

म्हणून पहार. पाच फुटी पहार, टेकू टोकापासून तीन इंचांवर, म्हणजे एकोणीस पट जोर. एका टोकाचं वजन साडेसहाशे किलो, हाताला येतं चौतीस. एका दाबाला टोक इंचभर वर येतं. बाभळीची फळी सारायची, दुसऱ्या टोकाला जायचं. फळ्या एक थर उभा, एक थर आडवा अशा रचायच्या, आणि पहारीचा टेकूही दर वेळी तितकाच वर घ्यायचा. टेकूखाली आज फरशी नव्हती, मातीच होती, आणि चौथ्या दाबाला तो खचला. उद्या तिथेही मुरूम ठोकतो.

संध्याकाळी मोजलं: विहिरीकडचं टोक सात इंच, बांधाकडचं सहा. अठरा करायचे आहेत.