ईस्टरचे ससे, पण पोरांच्या हाताला जमतील असे

इकडे श्टुटगार्टला मार्च लागला की बेकऱ्यांच्या काचेमागे ससे येऊन बसतात. गोड यीस्टच्या पिठाचे, डोळ्यांच्या जागी मनुका, काहींच्या पोटात तर आख्खं उकडलेलं रंगीत अंडं खोचलेलं. बाजूला तीन पदरी वेणी म्हणजे हेफेत्सोप्फ, आणि दोन भागांच्या साच्यात भाजलेलं केकचं कोकरू, वरून पिठीसाखर भुरभुरवलेली. हे सगळं विकत उत्तम मिळतं, त्यामुळे घरी करायचं खरं कारण एवढंच की शाळेला ईस्टरची मोठी सुट्टी असते, बाहेर एप्रिलचा लहरी पाऊस, आणि घरात दोन पोरं "आता काय करू" म्हणत मागे मागे फिरत असतात.

2026 मध्ये पाडवा 19 मार्चला आला आणि ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे गाठी संपतायत तोवर ससे सुरू. धाकट्याचा प्रश्न ठरलेला, ससा अंडी कशी देतो? याचं धड उत्तर जर्मन लोकांकडेही नाहीये. गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ नावाच्या डॉक्टरने 1682 मध्ये लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की आल्सेस आणि आसपासच्या भागात ससा गवतात अंडी लपवतो असं मुलांना सांगतात. म्हणजे तीनशे-साडेतीनशे वर्षं मोठी माणसं हेच सांगतायत आणि पोरं हेच विचारतायत, मी काय वेगळं सांगणार.

तर मुद्द्यावर येते. नेटवर जे फोटो दिसतात ना, एका मापाचे चकचकीत बारा ससे, ते मोठ्या माणसाने एकट्याने, शांतपणे, पोरं झोपल्यावर केलेले असतात असं माझं स्पष्ट मत आहे. लहान मुलांबरोबर करायचं असेल तर प्राणी असा निवडायचा जो एका दोरीतून किंवा एका गोळ्यातून होतो. पाय, मिशा, वेगळं डोकं चिकटवणं असलं काही नको. कारण पीठ फुगतं. नाजूक केलेलं सगळं ओव्हनमध्ये फुगून सपाट होतं, बारीक नाक तर गायबच, आणि मग रडारड. जे दिसायला हवंय ते मुद्दाम जास्तच करायचं, कान हवेत त्याहून लांब, चीर हवी त्याहून खोल.

पीठ मी असं घेते. अर्धा किलो मैदा (इथे 405 नंबरचा चालतो, 550 असेल तर आकार जास्त चांगला धरतो), कोरड्या यीस्टचं 7 ग्रॅमचं एक पाकीट, 60 ग्रॅम साखर, अर्धा टीस्पून मीठ, 70 ग्रॅम मऊ लोणी, एक अंडं आणि 220 मिली कोमट दूध. दूध एकदम सगळं ओतू नका, दोन-तीन चमचे मागे ठेवा आणि लागलं तरच घाला. नुसत्या बनपावाला आपण पीठ जितकं सैल ठेवतो त्याहून हे जरा घट्टच हवं, नाहीतर पोरांच्या हाताला चिकटतं, मग ती वरून मैदा ओततात, मग ओट्यावरून दोरी नुसती घसरत राहते आणि वळतच नाही. दुधात बोट बुडवून बघायचं, गरम लागलं तर थांबायचं, यीस्ट गरम दुधात मरतं. दहा मिनिटं सणसणीत मळायचं. हे काम थोरलीकडे, तिला राग आलेला असेल तर अजूनच छान मळलं जातं. मग झाकून तासभर, दुप्पट होईपर्यंत. भारतात एप्रिलच्या उकाड्यात पाऊण तासातसुद्धा होईल, घड्याळ बघू नका, पीठ बघा.

फुगलं की हवा काढून साधारण 75 ग्रॅमचे बारा गोळे. आता ससा. गोळ्याची वीतभरापेक्षा थोडी लांब दोरी वळायची, दोन्ही टोकं एकमेकांवरून नेऊन दोनदा पीळ द्यायचा, खाली राहिला तो गोल म्हणजे सशाचं पोट आणि वर निघालेली दोन टोकं म्हणजे कान. ज्यांनी लहानपणी आजीशेजारी बसून कडबोळी वळलीयेत त्यांचे हात हे आपोआप करतील. पोटाच्या गोलात सुपारीएवढी गोळी दाबून बसवली की शेपूट, ससा पाठमोरा बसलाय. पाठमोरा असल्याने डोळ्यांची भानगडच नाही, हा या सशाचा सगळ्यात मोठा गुण.

चार वर्षांच्या हातून दोरी कशी होते ते सांगते. तो दोन्ही तळवे मध्यभागी ठेवून जोर लावतो, मधे दोरी सुतळीएवढी बारीक होते आणि दोन टोकांना दोन लाडू उरतात. "टोकांकडे सरक" सांगून काही होत नाही. हात त्याचे मधे ठेवू द्या, पण तळव्याऐवजी बोटं पसरून हलकं फिरवायला सांगा. आणि दोरी रबरासारखी मागे मागे येत असेल तर ओढू नका, झाकून दहा मिनिटं सोडा, पीठ ढिलं पडतं आणि मग निमूट लांब होतं. तेवढ्यात दुसरा प्राणी करायचा.

दुसरा म्हणजे गोगलगाय, दोरी गुंडाळायची आणि शेवटचं टोक डोकं म्हणून वर ठेवायचं, संपलं. घट्ट गुंडाळली तर ओव्हनमध्ये मधला भाग डोंगर होऊन वर येतो, म्हणून सैल.

आणि तिसरा इगल, ते काटेरी, टोकदार तोंडाचं जर्मन बागांतलं जनावर. पोरांचा हाच लाडका, कारण कात्री मिळते. लांबट गोळा, एका बाजूला चिमटीने नाक ओढायचं, आणि दुसऱ्यांदा फुगून झाल्यावर, अगदी ओव्हनमध्ये टाकायच्या आधी, कात्रीची टोकं तिरकी धरून पाठीवर कचाकच चिमटे घ्यायचे. कात्री पाण्यात बुडवून घेतली की चिकटत नाही. आधी कापले तर काटे फुगून मिटतात. धाकटा जीभ बाहेर काढून, श्वास रोखून एकेक काटा कापतो आणि नाकापासून शेपटापर्यंत एक मिलिमीटर जागा सोडत नाही, मग ते जनावर भाजल्यावर जरा जखमी दिसतं पण काट्यांची टोकं मस्त खरपूस होतात.

पक्षी मला किंडरगार्टनमधल्या एका युक्रेनियन आजींनी दाखवला. त्यांच्याकडे आणि रशियात मार्चमध्ये वसंताचे चंडोल म्हणून असे पाव करतात. दोरीला एक साधी गाठ मारायची, वरचं टोक डोकं, खालचं चपटं करून सुरीने चिरलं की शेपटी. इतकं सोपं की थोरलीने एकटीने चार केले आणि मग गाठ मारायला बाकी काही उरलं नाही म्हणून लोकरीकडे वळली.

डोळ्यांना मनुका. कोमट पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर जळून कडू होतात. शेवटच्या फुगण्यानंतर काडीने भोक पाडून आत खोल ढकला, नुसती वर चिकटवली तर पीठ फुगताना बाहेर फेकतं. काही लोक लवंगा टोचतात, दिसतात छान, पण लहान मूल चावून बसलं की पुढचा अर्धा तास पाणी पाजण्यात जातो, मी घालत नाही.

ट्रेवर वीस-पंचवीस मिनिटं परत झाकून ठेवायचे, अंड्याचा पिवळा बलक आणि चमचाभर दूध फेटून ब्रशने लावायचं, 180 डिग्रीला पंधरा ते अठरा मिनिटं. ब्रश कोणी धरायचा यावर भांडण होतं, दोन ब्रश ठेवा.

सासूबाई इथे असतात तेव्हा अंडं चालत नाही. मग अंड्याऐवजी तीन टेबलस्पून दही आणि वरून नुसती दूध-साय. तेवढी चकाकी येत नाही, बाकी फरक कळत नाही.

आणि ज्यांच्या पोरांना तासभर थांबायचं म्हणजे शिक्षा वाटते त्यांनी यीस्टच्या वाटेला जाऊच नये. जर्मन बायका क्वार्कचं पीठ करतात, आपल्याकडे त्याला चक्का चालतो, श्रीखंडाचाच, पण बिनसाखरेचा आणि नीट निथळलेला. 150 ग्रॅम चक्का, 6 टेबलस्पून दूध, 6 टेबलस्पून तेल, 75 ग्रॅम साखर, चिमूट मीठ हे एकत्र फेटायचं, 300 ग्रॅम मैद्यात बेकिंग पावडरचं एक पाकीट (साधारण 15 ग्रॅम) मिसळून घालायचं, गोळा झाला की थांबायचं, जास्त मळायचं नाही. लगेच वळा, लगेच भाजा. आकार यीस्टपेक्षाही छान राहतो, फक्त त्याच दिवशी खायचे, दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात.

एक मात्र पाळा. पोरांचा ससा ओव्हनमध्ये जाताना हळूच नीट करू नका. एका ईस्टरला पाहुण्यांकडे एका आईला असं करताना पाहिलं, पाठ फिरताच कान सरळ केले, आणि बाहेर आल्यावर मूल "माझा कुठेय" म्हणून ट्रेभर शोधत होतं. आमच्याकडे प्रत्येकाच्या बाजूला बेकिंग पेपरवर पेन्सिलने नाव लिहितो, कडेला, पिठाला लागणार नाही असं.

गुड फ्रायडे, रविवार आणि ईस्टर मंडे, तिन्ही दिवस इथे दुकानं बंद. शनिवारी सुपरमार्केटात लोणी आणि ताजं यीस्ट ठेवतात त्या फ्रिजपाशी ही गर्दी, त्यामुळे सामान गुरुवारीच आणा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तर इथे मैदा आणि यीस्ट दोन्ही गायब झालं होतं, तेव्हापासून माझ्या डब्यात कोरड्या यीस्टची चार पाकिटं कायम असतात. उरलेले प्राणी गार झाल्यावर फ्रीझरमध्ये टाका, सकाळी 150 डिग्रीला सात-आठ मिनिटं, वर लोणी आणि चहा. सशाचे कान आधी कोणी तोडायचे ते आपापल्या घरी ठरवा.