भिंतीवरच्या चित्राला रात्रीचा उजेड

उड्डाणपुलांच्या खांबांवर, शाळांच्या कुंपणभिंतींवर, रेल्वे स्थानकांच्या बाहेर आता ठिकठिकाणी चित्रं दिसतात. रंगाचा, परांचीचा, चित्रकाराच्या मानधनाचा हिशेब आधी होतो. उजेडाची आठवण मात्र चित्र पूर्ण झाल्यावर, बहुतेक वेळा उद्घाटनाच्या आठवड्यात येते. मग जवळच्या दुकानातून १०० वॅटचे दोन पांढरे फ्लडलाइट येतात आणि भिंतीच्या पायाशी लागतात. खालचा पट्टा पांढराफटक, वरचं चित्र अंधारात, गेरू मातकट करडा, आणि समोरून चालणाऱ्याच्या डोळ्यांत सरळ दिवा. महिनाभर राबून चित्रकाराने जुळवलेले रंग रात्री कोणालाच दिसत नाहीत. हे टाळता येतं, आणि त्यासाठी जास्त वॅट लागत नाहीत. बहुतेक वेळा कमीच लागतात.

सगळ्यात आधी उजेडाचा दर्जा पाहा. दिव्याच्या माहितीपत्रकात सीआरआय नावाचा आकडा असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, ते त्यावरून कळतं. रस्त्याच्या साध्या एलईडीचा सीआरआय ७० असतो, बऱ्या फ्लडलाइटचा ८०. चित्रासाठी ९० च्या खाली उतरू नका. त्यासोबत आर-९ हा वेगळा आकडा मागा, कारण सीआरआयची सरासरी ज्या आठ फिक्या रंगांवरून काढतात त्यांत गडद लाल नसतो. सीआरआय ८० असलेल्या कित्येक दिव्यांचा आर-९ शून्याच्या आसपास असतो. तिथे कुंकवाचा लाल विटकरी दिसतो, माणसांच्या चेहऱ्यांचे रंग मेल्यासारखे होतात. आर-९ निदान ५० हवा. दुकानदाराला हा आकडा सांगता येत नसेल तर ती फिटिंग चित्रासाठी घेऊ नये.

दुसरा आकडा केल्विनचा. उजेड पिवळसर की निळसर, ते तो सांगतो. आकडा कमी तितका उजेड पिवळा. गेरूच्या जमिनीवर पांढरी वारली रेखाटनं असतील, किंवा पिवळे, केशरी, तपकिरी रंग जास्त असतील, तर ३००० केल्विन. निळा-हिरवा, समुद्र, जंगल असं चित्र असेल तर ४०००. बाजारात सहज मिळणारा ६५०० केल्विनचा दिवा गेरूला मारतो, म्हणून तो नकोच. एका भिंतीवर दोन प्रकारचे दिवे मिसळू नका, आणि सगळ्या फिटिंग एकाच वेळी, एकाच बॅचच्या घ्या. ‘३००० केल्विन’ लिहिलेले दोन बॅचचे दिवे शेजारी लावले तर एक गुलाबीसर, एक हिरवट असं होऊ शकतं. जवळ जुना सोडियमचा पिवळा पथदिवा असेल तर त्याचा झोत भिंतीवर येतो का, तेही पाहा. त्या उजेडाचा सीआरआय जेमतेम २० ते २५ असतो आणि त्याखाली निळा रंग काळा पडतो. तो दिवा बदलून मिळत नसेल तर निदान त्याला भिंतीच्या बाजूने आडोसा बसवून मिळावा, असा अर्ज पालिकेच्या विद्युत विभागाकडे करता येतो.

रंग बदलणारे दिवे चित्रावर टाकायला आमचा स्पष्ट विरोध आहे. लाल उजेडात हिरवं पान काळं दिसतं, निळ्या उजेडात पिवळी साडी राखाडी. चित्रकाराने निवडलेला रंग पुसून दुसऱ्याने आपला रंग वर चढवायचा, असाच त्याचा अर्थ होतो. सणाला रोषणाई हवी असेल तर ती झाडांवर करा, शेजारच्या कोऱ्या भिंतीवर करा.

आता किती उजेड हवा ते. भिंतीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. साधा लक्समीटर दोन-तीन हजारांत मिळतो. मोजताना तो भिंतीला टेकवून, तोंड बाहेर करून धरायचा. जमिनीवर ठेवून घेतलेला आकडा इथे कामाचा नाही. अंधाऱ्या गल्लीत २० ते ३० लक्स पुरतात. साध्या रस्त्याला ५०. दुकानांच्या पाट्या झगमगत असतील तिथे ७५ ते १००. आधी रात्री जाऊन भिंतीवर आत्ता किती लक्स आहेत ते मोजा. भोवतालच्या दुपटी-तिपटीने उजेड असला की चित्र उठून दिसतं. त्यापुढे वाढवत गेलं की फिके रंग धुतल्यासारखे होतात.

हिशेब असा. भिंत १२ मीटर लांब, ६ मीटर उंच, म्हणजे ७२ चौरस मीटर. ५० लक्स हवेत, म्हणजे ३,६०० ल्युमेन प्रत्यक्ष भिंतीवर पोचायला हवेत (ल्युमेन हे एकूण उजेडाचं माप, चौरस मीटरला एक ल्युमेन म्हणजे एक लक्स). दिव्यातून निघालेला सगळा उजेड भिंतीवर जात नाही, साधारण ४५ टक्के धरा. धूळ आणि दिव्याचं वय यांसाठी आणखी ०.७ ने गुणा. ०.४५ गुणिले ०.७ म्हणजे ०.३१५. ३,६०० ला त्याने भागलं की सुमारे ११,४०० ल्युमेन. सीआरआय ९० च्या चांगल्या फिटिंगला वॅटमागे ९५ ल्युमेन धरले तर १२० वॅट. म्हणजे ३० वॅटच्या चार फिटिंग. रोज पाच तास चालवल्या तर दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट. वर सांगितलेल्या १०० वॅटच्या दोन फ्लडलाइटना महिन्याला ३० युनिट लागतात.

हा हिशेब मध्यम रंगांच्या चित्राचा. पांढरा रंग पडलेल्या उजेडापैकी ८० टक्के परत फेकतो, गडद निळा जेमतेम ८ टक्के. तेवढ्याच लक्समध्ये निळं आकाश पांढऱ्या ढगापेक्षा दहापट काळोखं दिसतं. चित्राचा मुख्य भाग गडद असेल तर त्याच्यापुरती एक अरुंद झोताची फिटिंग जास्तीची द्या, सगळ्यांचे वॅट वाढवू नका.

रात्रीच्या दिव्याने रंग उडेल का, ही शंका चित्रकार हमखास काढतात, आणि ती रास्त आहे. ५० लक्स, रोज ५ तास, वर्षभर, म्हणजे ९१,२५० लक्स-तास. दुपारच्या थेट उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. म्हणजे वर्षभराचा दिव्याचा उजेड एका तासाच्या उन्हाइतकाही भरत नाही, शिवाय पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात. रंग उडतो तो उन्हाने आणि ओलीने.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दिव्याच्या जागेत. ६ मीटर उंच भिंतीसमोर, २ मीटरवर, जमिनीलगत दिवा ठेवला आणि त्याचा झोत सगळीकडे सारखा असला, तर भिंतीच्या पायाशी वरच्या कडेपेक्षा तीसपटीहून जास्त उजेड पडतो. अंतर वाढतं आणि किरण तिरके होत जातात, दोन्ही गोष्टी एकदम घडतात. म्हणून साधा गोल झोताचा फ्लडलाइट कितीही मोठा घेतला तरी वरचा भाग उजळत नाही, खालचा मात्र जळतो. यावर उपाय म्हणजे असिमेट्रिक लेन्सची फिटिंग. तिचा बहुतेक उजेड एका बाजूला, दूरच्या टोकाकडे फेकला जातो. तिचा रोख भिंतीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा. खाली सांडणारा उजेड आपोआप पुरतो.

भिंतीपासूनचं अंतर उंचीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश ठेवा, आणि दोन फिटिंगमधलं अंतर भिंतीपासूनच्या अंतराच्या दीडपटीहून जास्त नको. आपल्या १२ मीटरच्या भिंतीला भिंतीपासून २ मीटरवर, ३-३ मीटरला एक, दोन्ही टोकांना दीड मीटर सोडून, अशा चार बसतात. यापेक्षा लांब लांब लावल्या की मध्ये काळे पट्टे पडतात. लावून झाल्यावर भिंतीवर बारा-पंधरा ठिकाणी लक्स मोजा. सर्वांत उजळ आणि सर्वांत मंद जागेत ५ ला १ पर्यंत फरक डोळ्यांना खटकत नाही, मात्र उजेड हळूहळू उतरत गेला पाहिजे.

भिंतीला अगदी चिकटून, फूटभरावरून वर झोत सोडायची पद्धत दगडी बांधकामाला शोभते. किल्ल्याचा तट, काळ्या पाषाणाचं देऊळ तिने खुलतं. चित्राच्या भिंतीला ती घातक आहे. गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा, थापीचा फटकारा, जुनी बुजवलेली भेग लांबलचक सावली टाकते आणि चित्रातल्या चेहऱ्यावर चट्टे उठल्यासारखे दिसतात.

दिवे वर की खाली? जागा असेल तर वर. भिंतीच्या माथ्यावरून दीड-दोन मीटरच्या दांड्यांवर दिवे टांगले की उजेड आकाशात जात नाही, पावसाचं पाणी काचेवर साचत नाही, आणि कोणी लाथ मारत नाही. दांडी वाऱ्यात हलली तर रात्री सगळं चित्रच हलतं, म्हणून तिला वरून ताण द्यावाच लागतो. दिवसा दांडीची सावली चित्रावर पडते, तीही चित्रकाराला आधी सांगा. दिवे खालीच लावावे लागले तर माणसं दिव्याच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला राहतील अशी आखणी हवी. दिवा आणि भिंत यांच्या मधून कोणी गेलं की त्याची दोन मजली सावली चित्रावरून सरकते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचं चित्र रंगवलं गेलं. तसल्या अनेक मजली भिंतीला तर पायथ्याचे दिवे पुरतच नाहीत. तिथे समोरच्या खांबावरून किंवा छतावरून १० ते १५ अंशांचे अरुंद झोत लागतात, आणि चित्राच्या बाजूच्या खिडक्यांत उजेड शिरू नये म्हणून प्रत्येक फिटिंगला झडप.

चकाकीची परीक्षा सोपी आहे. खिडकीएवढा आरसा भिंतीला टेकवून धरा आणि लोक जिथून पाहणार तिथे उभे राहा. आरशात दिवा दिसला तर चकाकी पडणार. मॅट रंगावर थोडी, चकचकीत वॉर्निशवर पुष्कळ. गोव्यात असतात तशा झिलईच्या अझुलेजो फरशांवर तर चित्राऐवजी दिव्याचीच प्रतिमा दिसेल. शक्य असेल तर शेवटचा संरक्षक थर मॅटच घ्यायला सांगा.

वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. पथदिव्याच्या खांबातून वायर ओढणं बेकायदा आहे आणि पावसात जीवघेणं. वीज कंपनीकडून स्वतंत्र मीटर किंवा भिंतीच्या मालकाकडून लेखी परवानगीने जोड घ्या. पेटीत एमसीबीसोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, प्रत्येक फिटिंग आणि दांडी अर्थ केलेली हवी, आणि विजांच्या दिवसांसाठी १० केव्हीचं सर्ज प्रोटेक्शन. जमिनीखालची केबल आर्मर्ड म्हणजे धातूच्या कवचाची, पाऊण मीटर खोल, वर विटांचा किंवा फरशीचा थर. चित्राच्या भिंतीत खिळा ठोकायचा असेल तो रंगकामाआधी. नंतर पाडलेल्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात बरोबर तिथूनच रंगाला फुगे येतात. भोक पॉलियुरेथेन सीलंटने भरा, पांढऱ्या सिमेंटने भरू नका. त्याला बारीक भेग पडते.

फिटिंग आयपी ६६ (धूळ-पाणी अडवणारी), आणि हाताला लागणारी असेल तर आयके १० (ठोसा सोसणारी) घ्या. इतकं करूनही पाणी शिरतं, ते बहुधा ग्लँडमधून, म्हणजे केबल आत शिरते तिथल्या घट्ट कडीतून. केबल फिटिंगमध्ये खालून आत जावी आणि त्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. दुसरं कारण फिटिंगचा श्वास. तापलेला दिवा बंद होऊन गार पडतो तेव्हा आत हवा ओढतो, आणि सील कच्चं असेल तर पाणीही. व्हेंट प्लग (हवा जाऊ देणारं, पाणी अडवणारं बूच) असलेल्या फिटिंगच्या काचेवर आतून दव धरत नाही. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात साधे नटबोल्ट दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत. तिथे एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे लावा, आणि स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियमला जिथे भिडतो तिथे नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खारट ओलीत अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

किडे येतातच. किड्यांमागे पाली येतात, आणि पालींच्या विष्ठेचे डाग नेमके उजळ भागावर पडतात. ३००० केल्विनच्या दिव्यावर पांढऱ्यापेक्षा कमी किडे येतात, हा त्याचा आणखी एक फायदा. वेळ आवरली तरी फरक पडतो. अंधार पडला की दिवा लावणारा फोटोसेल शेजारच्या पथदिव्याने फसतो, म्हणून अक्षांश-रेखांश टाकून चालणारा अॅस्ट्रोनॉमिकल टायमर घ्या. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या. टायमर ते स्वतः सांभाळतो. सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी सुरू, अकराला बंद. त्यापुढे चित्राला पाहणारं कोणी नसतं, आणि झाडावरच्या पाखरांना अंधार लागतो.

सोलर फ्लडलाइटचा मोह होतो. बाजारात ‘२०० वॅट’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ फिटिंगचा प्रत्यक्ष उजेड त्याच्या जवळपासही नसतो, सीआरआय लिहिलेला नसतो, आणि जुलैत तीन ढगाळ दिवसांनी बॅटरी मान टाकते. वीजजोड शक्यच नसेल तिथे पॅनेल आणि बॅटरी वेगळी घ्या आणि ढगाळ तीन रात्रींचा साठा धरून मोजा.

दिवे लागल्यावर मोबाइलने व्हिडिओ काढा. पडद्यावर आडवे पट्टे सरकले तर ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) दिवा लुकलुकवतो आहे, तो बदलून मागा. येणारा प्रत्येक जण तिथे फोटो काढणार आहे.

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास, काचा साध्या साबणाच्या पाण्याने पुसा आणि कोळिष्टकं काढा. प्रत्येक फिटिंगचा कोन ठरला की बिजागरीवर ऑइलपेंटने रेघ मारून ठेवा. मंडपाच्या दोऱ्या आणि फ्लेक्स याच दांड्यांना बांधले जातात, दिवे फिरतात, आणि रेघ असेल तर वायरमन दोन मिनिटांत ते जागेवर आणतो. मीटरच्या पेटीत आतल्या बाजूला लॅमिनेट केलेला कागद चिकटवा: फिटिंगचं मॉडेल, वॅट, केल्विन, सीआरआय, लेन्सचा कोन. एक जादा फिटिंग त्याच खरेदीत घेऊन भिंतीच्या मालकाकडे ठेवा. चार वर्षांनी एखादा दिवा गेला तर बदलणारा माणूस तोच कागद वाचणार आहे, आणि कागद नसेल तर तो जवळच्या दुकानातला ६५०० केल्विनचा आणून लावणार आहे.